हातचे तीनशे

एकतीस वर्षं मी गळती मोजली.
बोथनियाच्या आखातावरचं आमचं लहानसं गाव,
जमिनीखाली त्याचे बिडाचे नळ,
आणि रात्री दोन वाजता, सगळे झोपलेले असताना,
लोखंडी कांडी कानाला लावून
रस्त्यावर ओणवा झालेला मी.
टाकीतून निघालं किती, मीटरांवर उतरलं किती,
मधलं कुठे मुरलं?
जे सापडायचं नाही त्याच्यासाठी एक रकाना होता: अज्ञात.
दर वर्षी भरायचा. कुणी काही विचारायचं नाही.

निवृत्त झालो आणि तळघरात बिअर करायला लागलो.
गुनवोर म्हणाली, बरं झालं,
आता घरातलंच काहीतरी गळेल.

पहिल्या दिवशी पिंपात तेवीस लिटर.
हे पक्कं; काठीवरच्या खुणा मीच कोरल्यात.
दोन आठवडे ते काचेच्या नळीतून सुस्कारे टाकतं,
मग गप्प होतं,
आणि माझी वजाबाकी सुरू.

तळाशी यीस्टचा साका, ओल्या चिकणमातीसारखा:
एक लिटर सहाशे.
साठ ग्रॅम हॉप्स स्पंजासारखे पितात, आणि पिळायचे नसतात,
पिळले तर सूड घेतात: तीनशे.
तोटीच्या खाली जे उरतं,
पिंप कितीही कलतं केलं तरी जिथून फक्त गाळच येतो: चारशे.
घनतामापक तरंगवायला तीनदा शंभर.
ते परत ओतत नाहीत. मी चाखतो,
म्हणजे खरं तर वाया जात नाही,
पण लिहितो.
नळीत अडकलेलं: शंभर.

दोन लिटर सातशे गेले.
बाटल्यांत यायला हवेत वीस लिटर तीनशे.
येतात वीस.
अर्ध्या लिटरच्या चाळीस बाटल्या, काटेकोर.
सात खेपा झाल्या, सातही वेळा तीनशे मिलिलिटर कमी.
झाकणाचं रबर बदललं.
तोटीखाली रात्रभर कोरडा कागद ठेवला, सकाळी कोरडाच.
जुन्या सवयीनं पिंपाला कानसुद्धा लावला.
शेवटी रकाना आखला.

फेब्रुवारीत गुनवोर दाराशी बर्फावर घसरली.
खुब्याचं हाड. दवाखाना बसनं पन्नास मिनिटं.
आठवी खेप मी रिकाम्या घरात भरली.
चाळीस बाटल्या झाल्या, आणि नळी अजून वाहत होती.
एक्केचाळिसावी लावली.
ती खांद्याच्या खाली येऊन थांबली.
मोजली. तीनशे.

उपड्या क्रेटवर बसून राहिलो बराच वेळ.
ताळा जमल्यावर असं वाईट
नोकरीत कधी वाटलं नव्हतं.

अर्धवट बाटलीला बूच मारत नाहीत,
वर हवा राहते, महिन्याभरात पुठ्ठ्याची चव येते.
थर्मासमध्ये ओतली. बसमध्ये मांडीवर धरली.
नर्सला वाटलं, सूप.
गुनवोरनं झाकणातून घोट घेतला,
कोमट, कच्ची, एक बुडबुडा नसलेली ती बिअर,
कुणीही थुंकून टाकली असती.
डोळे मिटून म्हणाली,
"मागच्या वेळेपेक्षा हॉप्स जास्त पडलेत."

मागच्या वेळेची पेटी
आम्ही अजून फोडलेलीच नव्हती.

मी काही बोललो नाही.
खिडकीबाहेर छपरावरून बर्फ ठिबकत होतं.
सवयीनं थेंब मोजायला लागलो,
सतराला सोडून दिलं.

नववी खेप मे महिन्यात.
पिंपात तेवीस लिटर तीनशे, वहीत तेवीस.
हातचे कुठे लिहायचे नसतात,
मनात धरायचे, शाळेत शिकवलं होतं.
त्याच आठवड्यात तळघराच्या जिन्याला कठडा बसवून घेतला.
सुतारानं विचारलं, कुठल्या बाजूला?
म्हटलं, उतरताना डावीकडे.
उजव्या हातात तिच्या
पेला असतो.